भूमी गेली, स्मृती राखली

राष्ट्र म्हणजे केवळ भूमी नव्हे, हे वाक्य भाषणांतून अनेकदा कानी पडते. परंतु ज्यांच्या पायाखालची भूमीच हिरावली गेली, त्यांना ते वाक्य उच्चारून भागत नाही. जगून दाखवावे लागते. निर्वासिताची पहिली गरज अन्न आणि निवारा ही असते आणि कोणतेही दयाळू सरकार ती कमीअधिक प्रमाणात भागवू शकते. दुसरी गरज मात्र कोणतेही सरकार भागवू शकत नाही. आपण कोण होतो, आपल्यावर काय ओढवले आणि आपल्याला कोठे परतायचे आहे, हे पुढच्या पिढीला सांगण्याची ती गरज असते. ती ज्याची त्यानेच भागवायची असते. ज्या समाजाला हे साधते, तो छावणीत राहूनही राष्ट्र म्हणून उरतो. ज्याला साधत नाही, तो पक्क्या घरांत राहूनही विखुरला जातो. तिबेटी समाजाची गेल्या साडेसहा दशकांची वाटचाल आणि त्या समाजातील तेनझिंग सोनम या चित्रपटकाराचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

१७ मार्च १९५९ च्या रात्री दलाई लामांनी ल्हासातील नॉर्बुलिंगका प्रासाद सोडला आणि ३१ मार्च रोजी तवांगच्या बाजूने भारतात पाऊल ठेवले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. थंड, विरळ हवेत वाढलेली ही माणसे भारताच्या उष्म्यात आजारी पडली. अनेकांनी प्राण गमावले. पर्वतरांगांत नव्याने निघालेल्या रस्त्यांवर खडी फोडून त्यांनी पोट भरले आणि त्यांची लहान मुले त्याच रस्त्यांच्या कडेला धुळीत वाढू लागली. अशा अवस्थेत साधारण समाज काय करतो? मदतीच्या रांगेत उभा राहतो आणि हळूहळू रांगेत उभे राहणे हेच त्याचे जीवन होऊन बसते. तिबेटी समाजाने तसे होऊ दिले नाही.

दलाई लामा भारतात आल्याला महिना उलटण्यापूर्वीच, २९ एप्रिल १९५९ रोजी मसुरी येथे निर्वासित प्रशासनाची उभारणी झाली. त्याच वर्षी नृत्य-नाट्यकला जपणारी संस्था निघाली. मार्च १९६० मध्ये मसुरीतच पहिली शाळा सुरू झाली. मे १९६० मध्ये रस्त्यांच्या कामांवरून आणलेल्या एक्कावन्न मुलांसाठी धरमशालेत बालगृह सुरू झाले. तेच पुढे तिबेटी बालग्राम म्हणून नावारूपाला आले. म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर बैलकुप्पे येथे जंगल साफ करून पहिली मोठी शेतकरी वसाहत वसली. १९७० मध्ये ग्रंथालय आणि हस्तलिखितांचे संग्रहालय उभे राहिले. १९७२ पासून प्रत्येक प्रौढ तिबेटी आपल्या निर्वासित प्रशासनाला स्वेच्छेने वार्षिक अंशदान देऊ लागला आणि त्याची नोंद हिरव्या पुस्तिकेत होऊ लागली. गुरुदक्षिणेची परंपरा ज्यांच्या घरात आहे, त्यांना या हिरव्या पुस्तिकेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्वतःच्या कार्याचा भार स्वतः उचलण्याची सवय समाजाला लागली, की त्याचा कणा ताठ राहतो.

महाराष्ट्रालाही हा समाज परका नाही. पुणे, नाशिक, नागपूर येथील हिवाळी बाजारांत लोकरीचे स्वेटर विकणारे तिबेटी कुटुंब प्रत्येकाने पाहिलेले असते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ पासून त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. स्वेटरचा भाव सर्वांनी केला. त्या विक्रेत्याची कथा मात्र फार थोड्यांनी विचारली.

ही कथा सांगण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत तेनझिंग सोनम यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म निर्वासनाच्याच वर्षी, जानेवारी १९५९ मध्ये, दार्जिलिंगला झाला. आईवडील तिबेटी निर्वासित. वडील ल्हामो त्सेरिंग हे आम्दो प्रांतातले. नानजिंग येथे शिकत असताना त्यांची दलाई लामांचे वडील बंधू ग्यालो थोंडुप यांच्याशी गाठ पडली आणि तेथून त्यांचे आयुष्य तिबेटच्या सशस्त्र प्रतिकाराशी जोडले गेले. चिनी सैन्याविरुद्ध उठलेल्या खाम आणि आम्दोमधील वीरांची ‘चुशी गांगद्रुक’ ही संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या लढवय्यांना अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने आधी सायपान बेटावर आणि नंतर कोलोरॅडोच्या डोंगरांत प्रशिक्षण दिले. १९६० पासून नेपाळमधील मुस्तांग हा त्यांचा तळ झाला. या साऱ्या व्यवहारातील मुख्य दुवा होते ल्हामो त्सेरिंग.

परक्याच्या मदतीवर उभ्या राहिलेल्या लढ्याचे जे होते, तेच याही लढ्याचे झाले. अमेरिकेला चीनशी मैत्री करावीशी वाटू लागली आणि मदतीचा झरा आटला. १९७४ मध्ये नेपाळी सैन्याने मुस्तांगला वेढा घातला. शस्त्रे खाली ठेवा, हा दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश तळातळावर ऐकवण्यात आला. धर्मगुरूची आज्ञा मोडवेना आणि शस्त्रही खाली ठेववेना, अशा कोंडीत सापडलेल्या काहींनी स्वतःचे जीवन संपवले. ल्हामो त्सेरिंग यांना अटक झाली आणि सुमारे सात वर्षे त्यांनी नेपाळच्या तुरुंगात काढली. वडिलांना अटक झाली, तेव्हा तेनझिंग पंधरा वर्षांचे होते.

अशा घरातला मुलगा दार्जिलिंगच्या शाळेतून दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात गेला आणि पदवीधर झाला. राजधानीतील नामांकित महाविद्यालयाची पदवी हाती असताना त्याच्यापुढे अनेक वाटा मोकळ्या होत्या. परंतु तो धरमशालेस गेला आणि निर्वासित प्रशासनाच्या सेवेत त्याने एक वर्ष घालवले. ज्या सरकारला एकही देश मान्यता देत नाही, त्या सरकारच्या कचेरीत बसून कागद हाताळण्याचे हे काम होते. त्यात ना मानमरातब, ना भवितव्याची शाश्वती. सेवेचे हे वर्ष अल्प खरे, पण एखादा विखुरलेला समाज उभा राहतो तो कोणाच्या खांद्यावर, हे अशाच ठिकाणी बसल्यावर कळते. त्यानंतर तो पश्चिमेकडे गेला. पडेल ती कामे करीत तो अमेरिकेत पोहोचला आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने पत्रकारितेचे व माहितीपटनिर्मितीचे शिक्षण घेतले. पुढे सहचारिणी आणि सहदिग्दर्शिका झालेल्या ऋतू सरीन या भारतीय आहेत. एक शरणार्थी आणि एक यजमान देशाची कन्या यांनी मिळून गेली चार दशके हे कार्य चालवले आहे, हा योग सुखावणारा आहे.

या दोघांचा पहिला माहितीपट तिबेटवर नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९८५ चा तो माहितीपट कॅलिफोर्नियातील युबा सिटी येथे स्थायिक झालेल्या शीख समाजावर होता. पंजाबातून गेलेली माणसे परक्या देशात आपला पंथ, आपली भाषा, आपली लग्नाची रीत कशी सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. दुसऱ्याच्या विस्थापनाकडे आस्थेने पाहता आले, म्हणूनच बहुधा स्वतःच्या विस्थापनाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचे धैर्य त्यांना लाभले. १९९१ मध्ये त्यांनी दिवंगत गुरूच्या पुनर्जन्माचा शोध घेणाऱ्या शिष्याची कथा चित्रित केली. दलाई लामांनी २ जुलै २०२५ रोजी, आपल्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, ही परंपरा पुढेही चालेल आणि उत्तराधिकाऱ्याची निवड करण्याचा अधिकार केवळ त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासालाच राहील, असे घोषित केले. निरीश्वरवादी कम्युनिस्ट सत्तेने त्यावर आपला हक्क सांगितला. या वादाचा गाभा ज्याला समजून घ्यायचा असेल, त्याने तो जुना माहितीपट अवश्य पाहावा. श्रद्धा ही सरकारी परिपत्रकाने चालत नसते, हे त्यातील गुरुशिष्यांच्या नात्यातून आपोआप उमगते.

१९९८ चे दोन माहितीपट या वाटचालीचा मध्यबिंदू म्हणता येतील. एकात तेनझिंग सोनम प्रथमच तिबेटमध्ये जातात. वडिलांच्या गावी आप्तांना भेटतात, ल्हासा पाहतात आणि स्वतःच्याच भूमीत आपण उपरे ठरलो आहोत हे अनुभवतात. दुसरा मुस्तांगच्या विस्मृत लढ्याचा इतिहास सांगतो. त्यात वृद्ध लढवय्ये बोलतात, त्यांना प्रशिक्षण देणारे अमेरिकी अधिकारी बोलतात आणि स्वतः ल्हामो त्सेरिंगही बोलतात. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्यांचे निधन झाले. थोडा विलंब झाला असता, तर ती साक्ष त्यांच्याबरोबरच नाहीशी झाली असती. ल्हामो त्सेरिंग यांनी तिबेटी भाषेत आठवणींचे अनेक खंड लिहून ठेवले. छायाचित्रे, नकाशे, पत्रे जपून ठेवली. त्या संग्रहावर आधारलेले प्रदर्शन २०१९ मध्ये बर्लिनला भरले. पित्याने लढा दिला आणि त्याची नोंद ठेवली. पुत्राने ती नोंद जगापुढे मांडली. पितृऋण फेडण्याची याहून सार्थ रीत कोणती?

त्यानंतर हे दोघे कथापटाकडे वळले. २००५ च्या ‘ड्रीमिंग ल्हासा’मध्ये तिबेटमधून पळून आलेला एक माजी भिक्षू मरणासन्न आईची अखेरची इच्छा पूर्ण करण्यासाठी एका बेपत्ता लढवय्याला शोधत धरमशालेत येतो. २०१८ च्या ‘द स्वीट रेक्विएम’ची नायिका दिल्लीतील तिबेटी वस्तीत राहणारी तरुणी आहे. बालपणी हिमालय ओलांडताना ज्या वाटाड्याने तिच्या जथ्याला वाऱ्यावर सोडले, तो अठरा वर्षांनी अकस्मात तिच्या दृष्टीस पडतो. या कथेमागे ३० सप्टेंबर २००६ ची नांगपा ला खिंडीतील घटना आहे. त्या दिवशी चिनी सीमारक्षकांनी बर्फातून रांगेने चाललेल्या निःशस्त्र तिबेटींवर गोळ्या झाडल्या आणि सतरा वर्षांची भिक्षुणी केलसांग नामत्सो ठार झाली. एका परदेशी गिर्यारोहण पथकातील छायाचित्रकाराने ते दृश्य टिपले, म्हणूनच जगाला ते कळले. यावरूनही हेच दिसते, की अत्याचार कितीही मोठा असो, त्याला साक्षीदार नसेल तर तो घडलाच नाही असे म्हणण्यास अत्याचारी मोकळा असतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागेल. आपल्या समाजाची बाजू मांडताना या चित्रपटकारांनी आपल्या समाजाचे उणे झाकले नाही. भेकड ठरलेला वाटाड्या तिबेटीच आहे आणि त्याच्याही मनाची घालमेल प्रेक्षकाला दिसते. २००९ च्या ‘द सन बिहाइंड द क्लाउड्स’मध्ये २००८ च्या तिबेटी उठावाचे चित्रण आहे. त्यात दलाई लामांचा मध्यममार्ग आणि पूर्ण स्वातंत्र्याची मागणी करणारे तरुण यांच्यातील मतभेद मोकळेपणाने येतात. ज्यांना तिबेटी समाज साक्षात करुणावतार मानतो, त्यांच्या धोरणाविषयीचे प्रश्न त्यांच्याच भक्तांनी पडद्यावर विचारावेत, हे त्या समाजाच्या आत्मविश्वासाचे लक्षण आहे. प्रचारपट आणि साक्ष यांत हाच भेद असतो. प्रचारपट आपल्याच माणसांच्या टाळ्या मिळवतो आणि विरून जातो. साक्ष परक्यालाही विचार करायला लावते आणि टिकून राहते. या साक्षीचे बळ किती, हे बीजिंगनेच दाखवून दिले. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील पाम स्प्रिंग्ज महोत्सवातून हा माहितीपट वगळावा म्हणून दबाव आणला गेला. आयोजक बधले नाहीत, तेव्हा दोन चिनी चित्रपट तेथून काढून घेण्यात आले. अणुबॉम्ब बाळगणारी सत्ता एका निर्वासिताच्या कॅमेऱ्याला भिते, याचा अर्थ स्पष्ट आहे.

भारताने या समाजाला आश्रय दिला, ही निःसंशय अभिमानाची बाब आहे. पारशी आणि ज्यू यांना जागा देणाऱ्या संस्कृतीला ते शोभणारेच होते. परंतु आश्रय देणे निराळे आणि न्यायाची बाजू घेणे निराळे. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात पं. नेहरूंना तिबेटवरील संकटाचा भारताच्या दृष्टीने काय अर्थ आहे, याची स्पष्ट जाणीव दिली होती. तरीही २९ एप्रिल १९५४ च्या करारात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा झाला आणि तेथील भारताचे परंपरागत अधिकार मोबदल्याविना सोडण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी राज्यसभेत पंचशीलावर कठोर टीका केली. आठ वर्षांनी देशाला त्याची किंमत रक्ताने चुकवावी लागली. सत्य सांगायचे तर २००३ मध्ये, आपल्या विचारांचे सरकार असतानाही, बीजिंगच्या घोषणापत्रात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य करण्यात आले. सरकारांच्या अडचणी असतात. त्या समजून घ्याव्यात. समाजाच्या मुखाला मात्र तशी अडचण नसते. १९९९ मध्ये धरमशालेत स्थापन झालेला भारत-तिबेट सहयोग मंच याच जाणिवेतून उभा राहिला.

तिबेटी समाजाने या आश्रयाची फेडही केली आहे. १९६२ च्या अखेरीस उभ्या राहिलेल्या विशेष सीमा दलातील तिबेटी जवान १९७१ च्या युद्धात चितगावच्या डोंगराळ भागात लढले. छप्पन्न जण धारातीर्थी पडले. दल गुप्त असल्याने त्यांच्या शौर्याची जाहीर नोंद झाली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात न्यिमा तेनझिंग यांना वीरमरण आले, तेव्हा त्यांच्या पार्थिवावर तिरंगा आणि तिबेटचा ध्वज एकत्र दिसले. अर्ध्या शतकाचे मौन त्या दृश्याने भंगले.

आज हा समाज एका अवघड वळणावर उभा आहे. २००९ च्या गणनेत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर तरुणांचा ओघ युरोप-अमेरिकेकडे वाढला. २००८ पूर्वी दरवर्षी दोन-तीन हजार माणसे हिमालय ओलांडून येत. चीनने सीमा इतकी आवळली, की अलीकडच्या वर्षांत ही संख्या अगदी मोजकी उरली. तिबेट डोळ्यांनी पाहिलेली पिढी मावळत आहे. ग्यालो थोंडुपही फेब्रुवारी २०२५ मध्ये कालिंपाँगला निवर्तले. अशा वेळी टिपून ठेवलेल्या साक्षीचे मोल सोन्याहून अधिक ठरते. या दांपत्याने २०१२ पासून धरमशालेत चित्रपट महोत्सव चालवला आहे तो याच श्रद्धेने. शिवाय, त्यांनी २०१३ मध्ये धरमशालेतील हरी नावाच्या टॅक्सीचालकाच्या विवाहावर माहितीपट केला. ज्या भूमीने आसरा दिला, तेथील साध्या हिंदू घराचे सुखदुःख शरणार्थ्याने आपलेपणाने सांगावे, हे ऋणनिर्देशाचे एक सुंदर रूप आहे.

हा सारा वृत्तान्त वाचून हिंदू समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. विस्थापनाचे दुःख हिंदू समाजाइतके दुसऱ्या कोणी भोगले आहे? १९४७ मध्ये पश्चिम पंजाब आणि सिंध रिकामे झाले. पूर्व बंगालमधून लोंढे येतच राहिले. जानेवारी १९९० मध्ये स्वतंत्र भारतातच काश्मिरी पंडितांना घरे सोडावी लागली. या दुःखाला शब्द आणि चित्र देणारे निपजले नाहीत असे नव्हे. रामानंद सागर स्वतः निर्वासित होते आणि ‘रामायण’ घराघरांत नेण्याच्या कितीतरी आधी त्यांनी फाळणीवर कादंबरी लिहिली होती. ऋत्विक घटक यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांची वेदना पडद्यावर आणली. कराचीत जन्मलेल्या गोविंद निहलानींनी ‘तमस’ केली. राहुल पंडितांनी काश्मीरमधील आपल्या घराची कहाणी ग्रंथरूपाने सांगितली. यांपैकी प्रत्येकाच्या विचारांशी सहमत असण्याचे कारण नाही. त्यांनी साक्ष नोंदवली, हे महत्त्वाचे. परंतु कोट्यवधींच्या दुःखापुढे ही नावे फारच थोडी आहेत. बाकीचा समाज पोटापाण्याला लागला, यशस्वी झाला आणि गप्प राहिला. मुलांना त्रास नको म्हणून आजोबा बोलले नाहीत. विचारायला वेळ नव्हता म्हणून नातवंडांनी विचारले नाही.

महाराष्ट्रात या साक्षी हाताच्या अंतरावर आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी उल्हासनगर वसवले. पिंपरीत आणि नागपूरच्या जरीपटक्यात त्यांची दुसरी-तिसरी पिढी नांदत आहे. गडचिरोलीतील मुलचेरा, चामोर्शी भागांत पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे शेती करीत आहेत. महाराष्ट्राने शिक्षणात राखून दिलेल्या जागांमुळे येथे शिकलेले काश्मिरी पंडित तरुण आज प्रौढ झाले आहेत. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्यापाशी जाण्यासाठी फार अवधी उरलेला नाही.

आपत्काळी धावून जाणे, छावणी उभारणे, अन्न-औषधे पुरवणे हे सेवाकार्य स्वयंसेवकांनी फाळणीपासून आजवर निष्ठेने केले आहे. त्या सेवेला आता दुसऱ्या सेवेची जोड हवी आहे. वस्तीतील वृद्ध विस्थापितापाशी चार दिवस शांतपणे बसावे. त्याने सोडलेल्या गावाचे, गल्लीचे, शेजाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. संकटात कोणी घात केला आणि कोणी जीव धोक्यात घालून वाचवले, हे दोन्ही तितक्याच प्रामाणिकपणे टिपावे. त्यात आपल्या सोयीची भर घालू नये आणि गैरसोयीचे गाळूही नये. यासाठी आज खिशातला मोबाइलही पुरतो. लागते ती केवळ ऐकण्याची चिकाटी. घरातील एखाद्या बुद्धिमान मुला-मुलीला लेखनाची, कॅमेऱ्याची, इतिहासाची ओढ असेल, तर ‘यात पोट भरेल काय?’ असे विचारून पालकांनी तिला विझवू नये. अभियंते आणि वैद्य या समाजाने पुष्कळ घडवले. आता कथाकारही घडवावे लागतील.

देशाविना राहिलेल्या एका लहानशा समाजाने, शाळा आणि कचेऱ्या चालवता चालवता, आपला कथाकारही घडवला. ज्यांच्यापाशी देश आहे, सत्ता आहे आणि साधनांचीही वाण नाही, त्यांना हे कार्य अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. इतकेच, की ते उद्यावर टाकण्याची सवड आता संपली आहे.